अबिटिबीतली ज्युनिअर सोने-कंपनी: ‘२४ मीटर, ३.१ ग्रॅम’ या निकालावर शेअर घ्यावा का?

मिसिसॉगाकर

टीएसएक्स व्हेंचर या कॅनडातल्या छोट्या कंपन्यांच्या शेअरबाजारावरच्या एका शोध-कंपनीबद्दल विचारायचं आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धाग्याची जाहिरात व्हायची. जागा क्वेबेकमध्ये, अबिटिबी पट्ट्यात, चालू खाणीपासून १२ किमी. गेल्या आठवड्याच्या प्रेस रिलीजमधलं ठळक वाक्य असं: ११८ मीटरपासून पुढे २४ मीटर, सरासरी ३.१ ग्रॅम प्रति टन, त्यात १.५ मीटर ४१ ग्रॅमचं. खाली बारीक अक्षरात ‘ही कोअरवरची लांबी आहे, खरी जाडी अजून माहीत नाही’ (कोअर म्हणजे ड्रिलच्या होलमधून निघालेला खडकाचा दंडगोल).

बाकी आकडे: एकूण १२ होल, २,८०० मीटर ड्रिलिंग. त्यातल्या पाच होलचे निकाल आले. आयपी सर्वेक्षणात (जमिनीत वीज सोडून खडक किती विद्युतभार धरून ठेवतो ते मोजतात) ९०० मीटर लांबीची ‘मजबूत चार्जेबिलिटी ॲनोमली’, म्हणजे भार जास्त धरणारा पट्टा, आहे आणि त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा तपासून झाला असं म्हणतात. १९८७ चा एक जुना अंदाज १.२ लाख औंसांचा. बाजारात ९ कोटी शेअर, भाव २२ सेंट. ३० सेंटचे २.४ कोटी वॉरंट (त्या भावाला कंपनीकडून नवा शेअर घ्यायचा हक्क), ६० लाख ऑप्शन (तसाच हक्क, कंपनीतल्या माणसांना दिलेला). तिजोरीत २१ लाख डॉलर, त्यातले १६ लाख फ्लो-थ्रूचे (फक्त शोधावर खर्चायच्या अटीने शेअर विकून आलेले). पुढचा टप्पा ५,००० मीटरचा जाहीर झालाय.

टीएफएसएमधून (करमुक्त बचत खात्यातून) थोडे पैसे लावायचा विचार आहे. गेले तर गेले, पण आंधळेपणाने जायला नकोत. जाणकारांनी हे आकडे सोलून दाखवावेत.

गाभापेटी

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं, दोन मिनिटांचं. २४ गुणिले ३.१ म्हणजे ७४.४ ग्रॅम-मीटर. त्यात १.५ गुणिले ४१ म्हणजे ६१.५. वजा केलंत तर उरलेल्या २२.५ मीटरच्या वाट्याला १२.९ येतात, म्हणजे ०.५७ ग्रॅम प्रति टन. थोडक्यात तुमच्याकडे ३ ग्रॅमचा २४ मीटरचा पट्टा नाही. दीड मीटरची एक श्रीमंत शीर आहे आणि तिच्या आजूबाजूला अर्ध्या ग्रॅमचा खडक. ही शीर लांबवर पसरून दाखवण्याची युक्ती जुनीच आहे. ‘त्यात’ हा शब्द दिसला की वजाबाकी करायचीच.

आता ते ४१ ग्रॅम एका नमुन्याचे की तीन नमुन्यांचे, हे टेबलात बघा. अर्ध्या मीटरचे तीन असतील आणि त्यातला एकच १२० चा असेल तर गोष्ट आणखी पातळ. संसाधन मोजताना असे टोकाचे आकडे कापतात. समजा २० वर कापले, तर तीच रांग २४ मीटर १.७९ ग्रॅम होते. ही कापाकापी केलेला आकडा रिलीजमध्ये नसेल तर स्वतः करून बघा.

खरी जाडी. होलचा अझिमथ (दिशा) आणि डिप (आडव्यापासूनचा उतार) टेबलात असतंच. होल उत्तरेकडे, आडव्यापासून ५० अंश खाली गेलाय आणि झोन (सोन्याचा पट्टा) ७५ अंशांनी दक्षिणेकडे झुकलाय असं धरा. मग होल आणि झोन यांच्यातला कोन ५५ अंश, त्याचा साइन ०.८२, म्हणजे २४ चे साधारण २० मीटर राहतात. पण झोन ७५ अंशांनी उत्तरेकडेच झुकलेला असेल तर कोन उरतो २५ अंश, साइन ०.४२. मग २४ चे १० मीटर आणि दीड मीटर शिरेचे जेमतेम ६३ सेंटिमीटर. होल झोनच्या उतारालाच चिकटून गेला की लांबी वाटेल तेवढी फुगते.

निकाल कुठल्या क्रमाने आले तेही पाहा. पाच आले म्हणता, कोणते? १, २, ४, ७, ९ असे आले असतील तर ३, ५, ६ आणि ८ कुठे गेले? कोअरमध्ये डोळ्यांना सोनं दिसलं की नमुने घाईच्या रांगेत लावतात, म्हणून चांगलं आधी येतं. त्यात गैर काही नाही, फक्त उरलेल्या सातांकडून तेवढीच अपेक्षा ठेवू नये.

नमुन्याची पद्धत तर फारच महत्त्वाची. साधा फायर ॲसे (भट्टीत वितळवून सोनं मोजणं) ३० किंवा ५० ग्रॅम भुकटीवर होतो. सोनं भरड कणांचं असेल तर तेवढ्या चिमटीत एखादा कण आला तर ग्रेड आकाशाला, नाही आला तर शून्य. अशा खडकाला मेटॅलिक स्क्रीन पद्धत लागते. साधारण एक किलो भुकटी १०६ मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात. चाळणीवर राहिलेलं सगळं तपासतात, खाली पडलेल्याचे दोन नमुने तपासतात, मग वजनाप्रमाणे सरासरी. हल्ली फोटॉन ॲसेही करतात, त्यात अर्धा किलो एकदम जातो. रिलीजच्या शेवटी क्यूए-क्यूसीचा (गुणवत्ता-तपासणीचा) परिच्छेद असतो तो वाचा: कोअर करवतीने अर्धा कापून अर्धा पेटीत ठेवला का, दर वीसेक नमुन्यांमागे एक ब्लँक (सोनं नसलेला) आणि एक प्रमाणित स्टँडर्ड (ग्रेड आधीच ठाऊक असलेला) घातला का, लॅब स्वतंत्र आहे का. अर्धा कोअर शिल्लक असणं ही औपचारिकता नव्हे. इंडोनेशियात बुसांगला ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने जवळपास सगळा कोअर भरडून टाकला होता, म्हणून पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार कंपनीच्या अहवालाने उघड झालं, तोवर सात कोटी औंसांच्या बाता झाल्या होत्या. खाण-कंपन्यांनी निकाल आणि अंदाज कसे जाहीर करावेत ते सांगणारा कॅनडाचा एनआय ४३-१०१ हा नियम २००१ साली आला तो त्याच फटक्यानंतर.

१९८७ चा अंदाज सध्या बाजूला ठेवा. ४३-१०१ च्या भाषेत तो ‘ऐतिहासिक अंदाज’. जुन्या होलच्या शेजारी नवे होल मारून ताळा केल्याशिवाय कंपनीला तो आपला म्हणता येत नाही, आणि तसं रिलीजमध्ये लिहावंही लागतं. १२ किमीवरच्या खाणीचंही तेच. इथलं सोनं ज्याच्या कडेने सापडतं तो काडिलॅक–लार्डर लेक भ्रंश (खडकातली मोठी भेग) दोनशे किलोमीटरहून लांब आहे, त्याच्या कडेला जमीन असणारे शेकड्याने आहेत.

चार महिने एक दिवस

गाभापेटींनी खडक सोलला, मी पैसा सोलतो.

९ कोटी गुणिले २२ सेंट म्हणजे १ कोटी ९८ लाख डॉलर. रोख वजा केली की १ कोटी ७७ लाख. बाजार त्या जमिनीला आज एवढी किंमत देतोय. बदल्यात काय आहे ते उदार होऊन मोजू. शीर ३०० मीटर लांब, २०० मीटर खोल आणि सरसकट ४ मीटर जाड निघाली समजा. २,४०,००० घनमीटर, घनता २.७५, म्हणजे ६ लाख ६० हजार टन. सरासरी ४ ग्रॅम धरा: २६,४०,००० ग्रॅम, भागिले ३१.१०३५, आले साधारण ८५ हजार औंस. म्हणजे न सिद्ध झालेल्या, जमिनीतल्या औंसामागे २०० डॉलरच्या वर आजच मोजताय, आणि मी धरलेली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या बाजूने झुकती आहे. ८५ हजार औंसांवर स्वतःची मिल (खडक दळून सोनं काढणारा कारखाना) उभी राहत नाही. शेजारच्या मिलने खडक विकत घेतला तरच काही जमेल. तेव्हा २२ सेंटमध्ये मोठा शोध लागण्याची आशा आधीच भरलेली आहे.

आता तिजोरी. रस्त्यालगतच्या अबिटिबीत डायमंड ड्रिलिंग सगळं धरून मीटरला ३०० डॉलरच्या आसपास पकडा. हिवाळी रस्ता किंवा हेलिकॉप्टर लागलं की हिशेब वेगळा. ५,००० मीटर म्हणजे १५ लाख. तो फ्लो-थ्रूच्या १६ लाखांतून निघेल. पण फ्लो-थ्रूचा पैसा फक्त शोधावर खर्च करता येतो, पगार, ऑडिट, लिस्टिंग फी, गुंतवणूकदार परिषदा यांवर नाही. त्यासाठी उरले ५ लाख ‘कडक’ डॉलर. तिमाही अहवालात प्रशासकीय खर्च बघा. वर्षाला ८ लाख असेल तर सात-आठ महिन्यांत कंपनी पुन्हा हात पसरणार. तोही निकाल कसे येतील त्या भावाला.

फ्लो-थ्रूची आणखी एक गंमत. घेणाऱ्याला खर्चाची करवजावट मिळते, म्हणून तो बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतो आणि ‘कंपनीने प्रीमियमवर पैसा उभा केला’ अशी बातमी होते. पण वजावटीमुळे त्याचा खरा भाव तुमच्यापेक्षा बराच खाली असतो. चार महिने आणि एक दिवस झाला की शेअर विकायला मोकळे होतात आणि तो २० सेंटलाही आनंदाने विकतो. साध्या प्लेसमेंटमध्ये (निवडक लोकांना थेट नवे शेअर विकतात त्यात) अर्धा किंवा पूर्ण वॉरंट जोडलेला असतो. तिथे लोक शेअर विकून पैसे सोडवतात आणि वॉरंट फुकटात खिशात ठेवतात. तुमच्या कंपनीत ३० सेंटवर २.४ कोटी वॉरंट बसलेत. भाव ३० च्या वर गेला की वॉरंट वापरायला पैसे लागतात, म्हणून हातातले शेअर विकले जातात. त्या पातळीवर डोक्यावर छप्परच आहे समजा. सगळं धरून १२ कोटी शेअर होतात, हिशेब त्यावरच करायचा.

आणि टीएफएसएमध्ये नुकसान झालं तर ते भांडवली तोटा म्हणून दाखवता येत नाही, शिवाय ती जागाही परत मिळत नाही. दहापट झालं तर सगळं करमुक्त, ही दुसरी बाजू. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खायची म्हणतात. इथे मोडून खायलाही काही उरत नाही एवढं लक्षात असू द्या.

कोलारचा माजी

गाभापेटी, ०.५७ ला तुम्ही एकदम टाकाऊत काढलंत, तिथे माझा आक्षेप. कनेडियन मलार्टिक ही सरासरी एक ग्रॅमच्या आसपासची उघडी खाण होती आणि कॅनडातल्या सगळ्यांत मोठ्या सोन्याच्या खाणींत गणली गेली. जुन्या लोकांनी शिरा खणून सोडून दिलेला, पायराइट (लोहाचं सल्फाइड) पसरलेला खडक तिथे मुख्य माल ठरला. ११८ मीटर ही होलवरची खोली आहे. ५० अंशांच्या होलसाठी उभी खोली ९० मीटर होते. उघड्या खाणीच्या आवाक्यात आहे ती.

खरा प्रश्न हा की २२.५ मीटरमधलं सोनं सारखं पसरलंय, की दोन-तीन नमुन्यांत ३-४ ग्रॅम आणि बाकी शून्य. सारखं असेल, खडकात सेरिसाइट-कार्बोनेटचा बदल (गरम द्रावणांनी तयार केलेली खनिजं) आणि बारीक पायराइट असेल, तर शिरेभोवतीचा तो प्रभामंडल शिरेपेक्षा मोलाचा. मात्र त्याला कोट्यवधी टन लागतात, हे मान्य. एका होलवरून ते कळत नाही.

आयपीबद्दल कोणीच बोललं नाही. आयपी सोनं ओळखत नाही, सल्फाइड ओळखतं. अबिटिबीत ज्वालामुखी खडकांच्या थरांमध्ये ग्रॅफाइटचे पट्टे सर्रास असतात आणि तेही झकास चार्जेबिलिटी देतात. रोधकता (विजेला होणारा विरोध) खूपच कमी दाखवत असेल तर ग्रॅफाइटचा संशय आधी घ्यावा. रिकाम्या गेलेल्या होलच्या नोंदीत ‘ग्रॅफिटिक अर्जिलाइट’ (ग्रॅफाइट असलेला गाळाचा खडक) दिसलं तर ९०० मीटरपैकी बराच भाग वायाच. आणि त्या भागात मातीचे नमुने दाखवले असतील तर हसून सोडून द्या. हिमनदीनंतरच्या सरोवराची जाड चिकणमाती खडकावर बसलेली आहे, वरच्या मातीला खालच्या खडकाचा पत्ताच नसतो. तिथे चिकणमातीखालच्या टिलपर्यंत (हिमनदीने आणून टाकलेल्या थरापर्यंत) ड्रिल करून सोन्याचे कण मोजतात. कण खडबडीत, अणकुचीदार असतील तर मूळ जागा जवळ. गोलटलेले, दुमडलेले असतील तर बर्फाने लांबून आणलेले.

गाभापेटी

टाकाऊ म्हटलं नाही, जाहिरातीच्या आकड्यातून वेगळं काढलं. बाकी मान्य. पायराइटचं म्हणणं कोअरच्या फोटोंवरून पडताळता येईल, फक्त ‘सर्वोत्तम’ दोन पेट्यांचे फोटो टाकले असतील तर काही कळणार नाही.

मिसिसॉगाकर

सगळ्यांचे आभार, भरपूर मिळालं. आत्ता टेबल उघडून बसलोय. होल उत्तरेकडे, डिप उणे ५०. सेक्शनवर झोन दक्षिणेकडे ७५ च्या आसपास काढलाय. ४१ ग्रॅमचा नमुना एकच सबंध दीड मीटरचा. आलेले होल १, २, ३, ४ आणि ६. हेडलाइनचा होल ४ नंबरचा. २ नंबरला ७ मीटर १.१ ग्रॅम, बाकी तिघांत ‘लक्षणीय मूल्ये नाहीत’. होल ३ च्या वर्णनात ग्रॅफाइट आहे!

गाभापेटी

मग जाडीच्या बाबतीत नशीब बरं, २४ चे २० मीटर. पण सेक्शनवरची रेघ किती होलवरून काढली ते विचारा. एकाच होलवरून काढलेला कल म्हणजे भूशास्त्रज्ञाची इच्छा. कोअर ओरिएंट केलेला (जमिनीत तो कसा वळलेला होता याची खूण केलेला) असेल तर शिरांचे कोन प्रत्यक्ष मोजलेले असतात. तसा एकही शब्द नसेल तर तो ७५ चा आकडा पेन्सिलीनेच धरा.

दीड मीटरचा एकच नमुना हे मला खटकतं. डोळ्यांना शीर दिसत असेल तर तिच्या दोन्ही कडांवर नमुना तोडायचा असतो, अर्धा-पाऊण मीटरचा. सरसकट दीड मीटरचं माप लावलं असेल तर ३० सेंटिमीटरची शीर १२० सेंटिमीटर शेजाऱ्यांबरोबर वाटली गेली असणार. म्हणजे प्रत्यक्ष शीर आणखी अरुंद आणि आणखी श्रीमंत, आणि जमिनीखाली खणताना १.५ मीटरपेक्षा कमी रुंदीने काढणं अवघड. शेजारच्या गरीब खडकाची ती भेसळ खाणीत सोसावीच लागते, म्हणून माप गैर नाही, पण नगेट परिणाम (सोनं मोजक्या कणांत एकवटल्याने नमुन्यागणिक ग्रेड उड्या मारणं) जोरदार असण्याची ही खूण आहे.

नगेट परिणाम हलक्यात घेऊ नका. ऑन्टारिओतल्या रेड लेकच्या रुबिकॉन कंपनीने फिनिक्स प्रकल्पावर २०१३ मध्ये इंडिकेटेड (बऱ्या खात्रीचे) आणि इन्फर्ड (कमी खात्रीचे) मिळून ३३ लाख औंस दाखवले, २०१५ मध्ये मिल सुरू केली. जानेवारी २०१६ च्या नव्या मोजणीत राहिले चार लाखांच्या घरात. फसवणूक नव्हती, शिरांची सलगता नव्हती. उलट ब्रिटिश कोलंबियातल्या ब्रूसजॅकला प्रीटियम कंपनीच्या दहा हजार टनांच्या घाऊक नमुन्यावरून २०१३ मध्ये स्ट्रॅथकोनाने ग्रेडवर शंका घेत काम सोडलं, पण त्यातून निघालं ५,९१९ औंस, अपेक्षा ४,००० ची होती. खाण २०१७ मध्ये चालूही झाली. भरड सोन्यात एकेका होलवर पैज लावणं म्हणजे दोन्हीकडचा हा झोका सहन करणं.

पुण्याहून

मधेच विचारतो, आपल्याकडे अशा ज्युनिअर कंपन्या का नाहीत? हट्टी, कोलार, जोन्नागिरी अशी सोन्याच्या खाणींची नावं तर ऐकतो.

चार महिने एक दिवस

शोधणाऱ्यालाच खाणीचा हक्क मिळेल ही खात्री नव्हती म्हणून. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्टे लिलावात गेले. ज्याने शोधलं त्यालाच बोली लावायची असेल तर शोधावर पैसा कोण घालणार? २०२३ च्या दुरुस्तीत २९ खनिजांसाठी, सोन्यासकट, शोध-परवाना आणलाय, त्यात पुढच्या लिलावाच्या प्रीमियमचा वाटा शोधणाऱ्याला मिळतो. बीएसईवर डेक्कन गोल्ड माइन्स आहे, जोन्नागिरी जिओमायसोरमार्फत तिच्याच गोतावळ्यातलं. पण ती शोधाच्या टप्प्यापुढे गेलेली गोष्ट, या धाग्यातल्या प्रकारची नव्हे. भारतातून व्हेंचरवर जायचं तर एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि विवरणपत्रात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेची यादी) भरायला विसरू नका.

मिसिसॉगाकर

शेवटचं. लगेच घ्यायचं नाही असं ठरवतोय. मग थांबायचं कशासाठी, नेमकं काय दिसलं तर?

कोलारचा माजी

होल ४ च्या दोन्ही बाजूंना ५० मीटरवर मारलेले होल. दोन्हीत त्याच खोलीला, त्याच बदललेल्या खडकात ५ मीटरच्या वर सलग १ ग्रॅम आलं तर जिवंत आहे, भले ४१ पुन्हा दिसो न दिसो. त्याऐवजी कंपनी ४ नंबरच्याच खाली-वर दहा-पंधरा मीटरवर होल मारून नव्या हेडलाइनी काढू लागली तर समजून जा. उरलेल्या सातांपैकी ग्रॅफाइट किती होलमध्ये लागलं, तेही मोजा.

चार महिने एक दिवस

आणि सेडार प्लसवर (कॅनडात कंपन्या कागदपत्रं दाखल करतात ती साइट) शेवटच्या प्लेसमेंटची क्लोजिंग तारीख काढा. १४ नोव्हेंबरला क्लोज झाली असेल तर १५ मार्चपासून ते शेअर विक्रीला मोकळे. त्या सुमारास दोन-तीन आठवडे भाव दबतो, व्यवहारही वाढतात, घ्यायचंच तर तेव्हा. सेडीवर (आतल्या माणसांच्या व्यवहारांची नोंद) संचालकांची खरेदी बघा. प्लेसमेंटमधली धरू नका, बाजारातून स्वतःच्या पैशाने केलेलीच मोजा. ऑर्डर मर्यादित भावाचीच टाका. ५० सेंटखाली अर्ध्या सेंटची पायरी असते, २१ आणि २३ मध्ये अंतर असेल तर मार्केट ऑर्डरने घेताक्षणीच नऊ टक्के गेले.